पाचव्या दिवसाची संध्याकाळ

ब्लाझेना स्कालोवानं एका माणसावर सतरा वर्षं डूख धरला होता. सतरा वर्षं! तेवढ्यात माणसं लग्न करतात, घटस्फोट घेतात आणि फिरून त्याच बाईशी लग्न लावतात. आमच्या गावात, पार्डुबित्सेत, असं एक जोडपं आहेही. पण ब्लाझेनाचा राग जागचा हलला नाही. दर गुरुवारी ती त्या माणसासमोर बसून बिअर प्यायची, "नमस्कार अध्यक्षसाहेब" म्हणायची आणि मनातल्या मनात त्याला पाण्यात पाहायची.

त्याचं नाव बोहुश पेखार. तंत्रशाळेत शिक्षक, आमच्या हौशी मत्स्यपालक मंडळाचा अध्यक्ष. आवाज भारदस्त, केस मागे फिरवलेले, आणि बोलायला उभा राहिला की खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात. दुकानात मिळत नसलेली काच आणि हीटर मिळवायचे तर त्याच्या सहीची चिठ्ठी लागायची. मग काय विचारता! सगळं मंडळ त्याच्या कोटाच्या खिशात.

आमच्याकडे घरोघरी मासे. तीन खोल्यांचं घर असलं तर माणसं दोन खोल्यांत आणि मासे तिसरीत. नुसतं पाळणं काय, कुणीही पाळतं. अंडी घ्यायची, त्यांतून निघालेली पिल्लं जगवायची, यात खरी कसोटी. आणि जो मासा देशात अजून कुणालाच वाढवता आला नाही तो कुणी वाढवला, तर त्याला आम्ही 'पहिली वीण' म्हणतो. त्या माणसाचं नाव मंडळाच्या वहीत चढतं ते कायमचं. तिथून ते खोडायला देवसुद्धा येत नाही.

सहासष्ट साली ब्लाझेनानं तांबपट्ट्याची पहिली वीण काढली. तांबपट्टा म्हणजे बोटाच्या पेराएवढा चंदेरी मासा, अंगावर तांब्याची रेघ. हॅम्बुर्गच्या बंदरावरून एका खलाशानं थर्मासमधून सहा आणले होते. मरतुकडे दिसत होते, म्हणून कुणी घेईना, हिनं घेतले. तेव्हा ती पस्तिशीची होती. मध-मसाल्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर काम करायची आणि जुन्या घराच्या मागच्या धुण्याच्या खोलीत टाक्या मांडून बसायची. पावसाचं पाणी उकळून घेतलं, ओढ्याकाठच्या झाडांची सुकी बोंडं त्यात भिजवून पाणी चहासारखं केलं, आणि काय काय केलं ते रोजच्या रोज वहीत लिहिलं. दोनशेवर पिल्लं जगली. तळहातावर वाढवलेली म्हणा हवं तर.

पेखार बघायला आला. टाकीपुढे गुडघ्यांवर बसला, कितीतरी वेळ बसला. मग म्हणाला, "ब्लाझेनाबाई, हे छापून यायला हवं. वही द्या माझ्याकडे, भाषा जरा नीट करून देतो."

चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली बाई ती. आपलं शुद्धलेखन कुणी पाहिलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दिली वही, आणि त्यानं मागितली म्हणून चाळीस पिल्लंही. पुढच्या महिन्याच्या पत्रिकेत पहिल्या पानावर मथळा: 'बोहुश पेखार यांची पहिली वीण'. चार पानं तिच्या वहीतून उचललेली, आणि तळाशी बारीक अक्षरात, 'पिल्लांच्या खाद्याची व्यवस्था पाहिल्याबद्दल कॉम्रेड स्कालोवा यांचे आभार.'

सभेत टाळ्या पडल्या. ब्लाझेनानंही वाजवल्या. का वाजवल्या, हे तिला आयुष्यभर कळलं नाही. त्याचा राग एक, आणि स्वतःच्या त्या दोन हातांचा राग दुसरा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर अलोइस म्हणाला, "जाऊ दे गं, मासेच तर आहेत." त्या एका वाक्यासाठी तिनं अलोइसलाही माफ केलं नाही, आणि तो बिचारा गेलाही.

अलोइस गेल्यावर जुनं घर पाडलं. तिला नव्या वसाहतीत सिमेंटच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. टाक्या मांडल्या स्वयंपाकघरात, कारण ऊब तिथंच. आमच्यातल्या निम्म्यांच्या टाक्या स्वयंपाकघरातच असतात. आणि तिथं गेल्यापासून तिची पिल्लं मरायला लागली.

एकदम मरत नसत, हे आणखी वाईट. अंडी व्यवस्थित फुटायची. पिल्लं पहिले तीन दिवस काचेला चिकटून लोंबायची, तशी सगळ्यांचीच लोंबतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी सुटून पोहायला लागायचं, तर ही तळाला जायची आणि पोटावर फरफटायची. वर यायला धडपडायची, बोटभर उसळायची की पुन्हा खाली. खात असायची, डोळे तकतकीत, पण पोहता येत नाही. दोन आठवड्यांत सगळी खलास. सात वर्षं हेच! तांबपट्ट्याचा तिचा जुना वंशही त्यातच संपला.

मंडळात ज्याला त्याला औषध ठाऊक. एक म्हणाला पाण्यात क्लोरीन आहे. दुसरा म्हणाला तळ्यातून गाळून आणलेली धूळ वाईट आहे. ही धूळ म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत किडे, पिल्लांचं पहिलं अन्न. आणि पेखार खुर्चीच्या पाठीवर हात टेकून सगळ्यांसमोर म्हणाला, "ब्लाझेनाबाईंचा हात उतरला आता. होतं असं वयानं. खाद्याची व्यवस्था छान पाहतात पण त्या अजून."

हशा पिकला. ती बिअरच्या फेसाकडे बघत बसली. आता वहीत नाव लागणं तर सोडाच, सहासष्ट सालचं काम हिचं होतं हे शपथेवर सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. जिची साधी पिल्लं जगत नाहीत, ती पहिली वीण काढणार? तिनं त्या दिवशी मनाशी ठरवलं की ही पिल्लं का मरतात ते शोधून काढायचं, आणि मग या माणसाला एकदा पाणी पाजायचं. त्याच क्रमानं.

शोधायला लागली. पावसाचं पाणी केलं, विहिरीचं केलं, उकळून केलं, चिमूटभर मीठ घालून केलं. एकदा तिला वाटलं, पेखार मंडळात जी धूळ वाटतो त्यात मुद्दाम काही कालवत असेल. तिनं ती संडासात ओतली आणि स्वतः सायकलवरून तळ्यावर जायला लागली. पिल्लं मरायची ती मेलीच. रोज वहीत लिहायची. हवा, पाणी, अन्न, मरण.

मग एक्क्याऐंशीच्या वसंतात तिला पित्ताशयाची कळ आली. आमच्याकडे रविवार म्हणजे डुकराच्या मांसाचे काप: अंड्यात बुडवायचे, पावाच्या चुऱ्यात घोळवायचे आणि तळायचे. ताटात डोंगर, बाजूला बटाट्याची कोशिंबीर. डॉक्टरनं सांगितलं, "बाई, महिनाभर तळणाचा वाससुद्धा घेऊ नका." महिनाभर ती उकडलेले बटाटे खात राहिली, स्वतःच्या नशिबाला शिव्या देत राहिली, आणि त्या महिन्यात फुटलेली सगळीच्या सगळी पिल्लं पोहायला लागली.

तिला वाटलं, फिरलं एकदाचं नशीब. बरं वाटल्यावर त्या आनंदात तिनं काप तळले आणि खालच्या मजल्यावरच्या हेडविकाला जेवायला बोलावलं. पुढची खेप पोटावर.

ब्लाझेना हातात तवा घेऊन स्टुलावर बसली. हेडविकाला मासे म्हणजे ताटातलेच ठाऊक. त्या दिवशी ती सहज वर आली होती, घाबरून म्हणाली, "अगं, काय झालं? पित्त उसळलं का परत?"

"गप बस," ब्लाझेना म्हणाली. "बॅटरी आण."

टाकीला कडेनं उजेड लावला आणि पाण्याचा पृष्ठभाग खालून पाहिला. तेलाचा तवंग! वरून दिसत नव्हता, पण कडेनं सप्तरंगी पापुद्रा. पिल्लू पाचव्या दिवसाच्या आत एकदा तरी वर येतं, पाण्याबाहेरच्या हवेचा घोट घेतं, आणि पोटातली हवेची पिशवी भरतं. त्या घोटावर ते जन्मभर तरंगतं. ही पिल्लं वर येत होती, त्या पापुद्र्याला टेकत होती आणि रिकाम्या पिशवीनं खाली जात होती. पाचव्या दिवसाची संध्याकाळ उलटली की पिशवीचं तोंड मिटतं. मग तवंग काढा, नवस करा, काही करा, ते पिल्लू पोहत नाही.

तिनं टाकीवर काच झाकली. तरी तवंग. घरात येरझाऱ्या घातल्या, स्वतःलाच शिव्या दिल्या, आणि मग नजर गेली ती कपाटावर. टाक्यांत हवा सोडणारा पंप चुलीच्या वरच्या कपाटावर होता. पाण्याच्या वर असला म्हणजे पाणी उलटं चढत नाही, म्हणून आम्ही सगळेच तो उंचावर ठेवतो. तिनं त्यावरून बोट फिरवलं. तपकिरी, चिकट. हुंगून पाहिलं तर रविवारचा वास. तळणाची सगळी वाफ तो ओढत होता आणि फुसफुस करत पाण्यात सोडत होता. म्हणजे सात वर्षं ती स्वतःच्या हातांनी पिल्लांच्या डोक्यावर झाकण घालत होती.

रडली ती. मग तोंड धुतलं आणि पंप झोपायच्या खोलीत नेला. वर्तमानपत्राचं पान पाण्यावर अलगद पसरलं, तवंग टिपला आणि पान ओढून काढलं. रोज सकाळ-संध्याकाळ. पुढची खेप पोहली. त्याच्या पुढचीही.

हेडविका म्हणाली, "आता मंडळात सांग ना! किती जणांची मरत असतील अशीच."

"सांगते बरी!" ब्लाझेना म्हणाली. "म्हणजे पुढच्या महिन्यात छापून येईल, 'बोहुश पेखार यांचा शोध'. आणि तळाशी माझे आभार, तवा पुरवल्याबद्दल."

दोन वर्षं तिनं ते गुपित पोटात ठेवलं. तिची पिल्लं तरारून वाढत होती, लोक विचारत होते आणि ती म्हणत होती, "काय की बाई, हात परत वर चढला असेल."

त्र्याऐंशीच्या वसंतात पेखारनं आपलं बागेतलं घर मुलाला दिलं आणि बायको यार्मिलाला घेऊन आमच्याच वसाहतीत राहायला आला. येताना त्याच्याकडे एक जोडी होती. निळी ठिणगी. असा मासा आम्ही कुणी पाहिला नव्हता. उजेडात वळला की खोलीतलं बोलणं थांबायचं. देशात ही एकच जोडी. शरदात प्रदर्शन होतं आणि पेखारनं आधीच जाहीर करून टाकलं होतं की ठिणगीची पहिली वीण तिथं दाखवणार.

सप्टेंबरात एका मंगळवारी साडेचारला ब्लाझेनाच्या दाराची बेल वाजली. दारात पेखार, हातात चॉकलेटचा डबा.

"या अध्यक्षसाहेब. बूट काढा."

त्यानं बूट काढले. तिनं त्याला अलोइसच्या सपाता दिल्या. त्या त्याला लहान होत्या; टाचा बाहेर ठेवून तो स्वयंपाकघरात येऊन बसला. तिनं कॉफी ठेवली.

"सरळच विचारतो, ब्लाझेनाबाई. ठिणगीच्या दोन खेपा गेल्या माझ्या. पिल्लं तळाला पडतात, उसळतात, वर येत नाहीत. तुमचीही तशीच व्हायची. आता होत नाहीत."

"खरंय."

"तिसरी खेप आहे. मादी म्हातारी झालीय, पोट बसलं तिचं. यापुढे ती अंडी घालणार नाही. हीच शेवटची."

"कधी फुटली?"

"शुक्रवारी."

ब्लाझेनानं टेबलाखाली बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. चौथा दिवस.

"अजून काचेला आहेत?"

"आहेत. उद्यापर्यंत सुटतील."

"टाकी कुठंय?"

"स्वयंपाकघरात. ऊब असते ना."

"आणि पंप?"

"कपाटावर. का?"

"सहज," ती म्हणाली आणि कॉफी ढवळायला खाली वाकली, कारण तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. काय हो हे! देव शत्रूला असा दारात आणून बसवतो, तेही अलोइसच्या सपातांत!

"औषध आहे," ती म्हणाली. "खात्रीचं. तीन ओळींत लिहून देते. पण आधी तुम्ही लिहायचं, असं: तांबपट्ट्याची पहिली वीण ब्लाझेना स्कालोवानं काढली, आणि मी तिची वही घेऊन स्वतःचं नाव घातलं. सभेत वाचायचं, पत्रिकेत छापायचं. मंडळाच्या वहीतलं नाव बदलायचं."

तो आधी हसला. मग लाल झाला. "सतरा वर्षांपूर्वीची मढी उकरताय तुम्ही?"

"मढी कसली? माझ्या उरावर जिवंत बसलंय ते."

"माझी भाषा नसती तर कुणी वाचलंही नसतं तुमचं ते..."

"मग भाषेनंच जगवा की पिल्लं."

तो उठला, सपाता तिथंच टाकल्या आणि बूट नीट न बांधताच गेला. चॉकलेटचा डबा राहिला. तिनं तो हेडविकाला दिला.

एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही. वेळ बुधवारच्या संध्याकाळपर्यंतच आहे, हे. विसरली म्हणावं तर तसंही नव्हतं. तो बोलत होता तेव्हा ते वाक्य तिच्या जिभेवर होतं आणि तिनं ते गिळलं.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत तो कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. हातात टंकलेला कागद. ब्लाझेना मैद्यानं माखलेल्या हातांनी वाचायला लागली. 'स्मृतिदोषामुळे राहून गेलेला उल्लेख.' 'उभयतांचे संयुक्त प्रयत्न.' 'कॉम्रेड स्कालोवा यांचा मोलाचा वाटा.'

"वाटा?" ती म्हणाली. "मासे माझे, पाणी माझं, वही माझी. वाटा कसला?" ट्रेवर खुणा करायची लाल पेन्सिल कानामागून काढली आणि तिनं तीन शब्द खोडले. स्मृतिदोष, संयुक्त, वाटा. वर लिहिलं, 'मी चोरी केली'. शुद्धलेखन चुकलं होतं, पण त्या दिवशी तिला त्याची लाज वाटली नाही.

पेखारनं कागद परत घेतला. "चोरी हा शब्द मी घालणार नाही. तुमच्यासारख्या बाईनं मला लिहायला शिकवावं, एवढी वेळ आली नाही अजून. उद्या सभा आहे. रात्री विचार करतो, उद्या सांगतो."

उद्या! दुपारचे साडेबारा वाजले होते. सहापर्यंत साडेपाच तास होते. नुसतं 'उद्या उशीर होईल' म्हटलं असतं तर तो तिथं फाटकाशी, गुडघ्यावर कागद ठेवून, हवं ते लिहून मोकळा झाला असता. तिला ते स्पष्ट दिसत होतं. तिच्या कामाला तेवढं पुरे होतं, नाव मिळालंच असतं. पण नुसतं नाव आता तिला पुरेना.

"बरं," ती म्हणाली. "उद्या."

संध्याकाळी पाच वाजता हेडविका विणकाम घेऊन आली. ब्लाझेना घड्याळासमोर बसली होती. हेडविकानं विचारलं आणि हिनं सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. हेडविकाच्या सुया थांबल्या.

"त्याचं काय व्हायचं ते होऊ दे मेल्याचं. पण त्या माशांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"माझी पिल्लं सात वर्षं मेली तेव्हा कुणी आलं होतं?"

"कुणाला माहीत होतं म्हणून येतील? तुला माहितीय."

ब्लाझेना उठली. कोट चढवला, वर्तमानपत्राची घडी काखेत मारली आणि निघाली. वसाहतीच्या पलीकडच्या टोकाला पेखारची इमारत. चालताना ती भराभर चालली, खोटं कशाला बोलू. जिन्याच्या दारापर्यंत ती पिल्लं वाचवायलाच निघाली होती. दाराशी पाटीवर नावं होती. बटण दाबायला हात उचलला, आणि चौथ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून तळणाचा वास आला. यार्मिला काप तळत होती. बुधवारी! लाडाचा नवरा खचलाय म्हणून त्याच्या आवडीचं करत असणार. वरून पेखारचा आवाजही आला, तो भारदस्त आवाज. यार्मिलाला म्हणत होता, "एक खाद्य पुरवणारी बाई! तिच्यापुढे नाक घासू मी?"

ब्लाझेनानं हात खाली घेतला. ती तिथं थोडी उभी राहिली. मग घरी आली, कोट खुंटीला अडकवला आणि वर्तमानपत्र वाचायला घेतलं. हेडविका तोपर्यंत निघून गेली होती.

गुरुवारी खानावळीच्या मागच्या खोलीत, भर सभेत, पेखारनं कागद वाचला. रात्रभरात त्याचा माज उतरला होता, कारण सकाळी पिल्लं काचेवरून सुटली होती आणि तळाला बसायला लागली होती. त्यानं 'चोरी' हा शब्द वाचला. खुर्चीच्या पाठीवर हात न ठेवता, सरळ उभा राहून, सगळ्यांसमोर.  मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. वही आणली, जुन्या नावावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'ब्लाझेना स्कालोवा'. आम्ही सगळे होतो तिथं. तिच्या पाठीवर थापा मारणाऱ्यांत तिच्यावर हसलेलेच जास्त होते.

तिनं पेखारच्या हातात घडी केलेला कागद दिला. तळण बंद. पंप दुसऱ्या खोलीत. वर्तमानपत्रानं तवंग टिपा. त्यानं तिथंच वाचला, कपाळावर हात मारला, टोपीसुद्धा न घेता धावत सुटला. साठीचा माणूस धावताना बरा दिसत नाही. ब्लाझेना बिअरचा मोठा ग्लास घेऊन बसली. तिला आनंद झाला होता. 

पंधरा दिवसांनी यार्मिला कारखान्याच्या फाटकाशी आली. "एकदा येऊन बघा," एवढंच म्हणाली. भांडली असती तर ब्लाझेना गेली नसती.

पेखारच्या स्वयंपाकघरात तळणाचा वास नव्हता. चुलीवर उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं होतं. पंप कुठंतरी आतल्या खोलीत घरघरत होता. टाकीतलं पाणी लख्ख, वर तवंगाचा मागमूस नाही. आणि तळाला पिल्लं होती. पुष्कळ मेली होती, पण वीस-पंचवीस होती अजून. अंगावर निळी चमक यायला लागली होती. पोटावर फरफटत होती.

पेखार टाकीपुढे स्टुलावर बसून ड्रॉपरनं एकेका पिल्लाच्या तोंडाशी धूळ सोडत होता. दिवसातून सहा वेळा करतो, यार्मिला म्हणाली. शाळेतून मधल्या सुट्टीत घरी येतो.

"ही जगणार नाहीत," ब्लाझेना म्हणाली. "उगाच हाल करताय त्यांचे." कोपऱ्यातली जाळी उचलायला तिचा हात सवयीनं पुढे गेला. तिनं स्वतःची शेकड्यांनी अशीच उचलून मोठ्या माशांना घातली होती.

"हात लावू नका," पेखार म्हणाला. ओरडला नाही. ड्रॉपर ठेवून तिच्याकडे वळला. "तुमच्या कागदात सगळं होतं. सगळं केलं मी. फक्त कधीपर्यंत करायचं तेवढं त्यात नव्हतं. मंगळवारी मी तुमच्याकडे आलो तेव्हा वेळ होती का?"

होती म्हटलं काय, नव्हती म्हटलं काय, त्याला पडताळता आलं नसतं. पण ब्लाझेनाला ते त्याला कळायलाच हवं होतं. त्याशिवाय सूड कसला?

"होती. बुधवारी दुपारीही होती," ती म्हणाली. "संध्याकाळी सहापर्यंत होती. मी खाली तुमच्या दाराशी येऊन परत गेले."

यार्मिलानं तोंडावर हात ठेवला.  पेखार चिडेल, शिव्या घालेल, अंगावर येईल असं ब्लाझेनाला वाटत होतं, आणि त्याची उत्तरं तिच्याकडे सतरा वर्षांपासून तयार होती.

"मी तुमचं नाव चोरलं, ब्लाझेनाबाई," तो म्हणाला. "पण तुमच्या त्या दोनशे पिल्लांतली जी चाळीस मला दिली होतीत, ती चाळीसच्या चाळीस वाढवली होती मी."

 तो टाकीकडे वळला, ड्रॉपर उचलला आणि पुढच्या पिल्लाशी नेला. ते पिल्लू बोटभर उसळलं, घास घेतला आणि खाली बसलं. ब्लाझेना कोटाची बटणं लावत दाराशी गेली. यार्मिलानं दार उघडलं आणि ती बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.